सजीवांची कुळकथा, भाग ९ : अळंबी कोणाच्या घरची?

पावसाने जोर धरला की गोव्याच्या बाजारांत ओल्मी येते. सह्याद्रीच्या रानातल्या वारुळांवर उगवणारी ही अळंबी पानांत बांधून विकायला ठेवतात, आणि विकणारी ती भाज्यांच्या शेजारीच मांडते. ती ज्या वारुळातून वर आली, तिथे जमिनीखाली वाळवीने पाचोळ्याचा आणि कुजत्या लाकडाचा चोथा रचून बुरशीची रीतसर शेती केलेली असते. लाकूड वाळवीला एकटीला धड पचत नाही. ते बुरशी फोडते आणि वाळवी त्या तयार झालेल्या अन्नावर जगते. पाऊस पडला की हीच जमिनीखालची बुरशी मातीबाहेर छत्री काढते, आणि आपण तिला अळंबी म्हणतो. म्हणजे एका वारुळात तीन कुळांतले सजीव भेटतात : पाचोळा ज्या झाडाचा ते झाड, तो पाचोळा कुजवणारी बुरशी आणि दोघांच्या जिवावर जगणारी वाळवी. यांतल्या कोणत्या दोघांचे नाते अधिक जवळचे? मातीत रुजलेली, जागची न हलणारी अळंबी झाडाच्या घरची, असे कोणीही म्हणेल. उत्तर उलटे आहे. बुरशी आणि वाळवी ही जवळची, झाड लांबचे. वाळवी प्राणी आहे, तेव्हा तिला लागू असलेले नाते आपल्यालाही लागू आहे : बाजारातली अळंबी शेजारच्या लाल माठापेक्षा ती विकत घेणाऱ्या माणसाच्या अधिक जवळची आहे. हे कशावरून म्हणायचे, आणि ते म्हणताना कोणते पुरावे दिसायला चांगले असूनही बाजूला ठेवावे लागतात, हा या भागाचा विषय आहे. माझ्या मते यातला दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे, कारण वर्गीकरणातल्या बहुतेक चुका पुरावा नसल्यामुळे झालेल्या नाहीत, भलत्या पुराव्यावर विसंबल्यामुळे झाल्या आहेत.

लिनिअसने १७५३ साली वनस्पती चोवीस वर्गांत मांडल्या आणि ज्यांची फुले दिसत नाहीत अशा सगळ्यांना शेवटच्या, चोविसाव्या वर्गात बसवले. नेचे, शेवाळ, शैवाल आणि बुरशी असे एकमेकांशी फारसे देणेघेणे नसलेले सजीव तिथे एकत्र आले. तेव्हापासून दोनशेहून अधिक वर्षे बुरशीचा अभ्यास वनस्पतिशास्त्राच्या विभागांतच होत राहिला. १९६९ साली रॉबर्ट व्हिटेकरने पाच सृष्टींची मांडणी केली. आपल्या शाळेच्या पुस्तकांतून ती सर्वांना परिचित आहे. तिच्यात बुरशीला प्रथमच ठळकपणे स्वतःचे घर मिळाले. पण व्हिटेकरचा मुख्य निकष अन्न मिळवण्याची रीत हा होता : वनस्पती ते तयार करतात, प्राणी गिळतात, बुरशी शोषून घेते. हा निकष बुरशीला वनस्पतींपासून वेगळा करतो, मात्र वेगळी झालेली बुरशी कोणाची सख्खी आणि कोणाची चुलत, हे सांगत नाही. बिऱ्हाड वेगळे झाले म्हणून वंशावळ कळत नाही. बुरशीच्या नावांचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संहितेच्या शीर्षकातही २०११ सालापर्यंत केवळ वनस्पतिशास्त्राचाच उल्लेख होता. त्या वर्षी मेलबर्नच्या परिषदेत शीर्षक बदलले आणि शैवाल, बुरशी व वनस्पती यांची नावे वेगवेगळी घातली गेली.

मागच्या भागात आपण पेशीची भित्तिका पाहिली. वनस्पतींच्या पेशीभोवती सेल्युलोजची भिंत असते आणि प्राण्यांच्या पेशीला भिंतच नसते, हा शाळेत पाठ केलेला फरक. बुरशीच्या पेशीला भिंत आहे, म्हणून ती वनस्पती, असा तर्क पूर्वी सहज होत असे. पण भिंत आहे एवढे पाहून भागत नाही, ती कशाची आहे हे पाहावे लागते. १८११ साली आंरी ब्राकोनो या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने अळंबीतून एक चिवट, सहजासहजी न विरघळणारा पदार्थ वेगळा काढला. पुढे १८२३ मध्ये तसाच पदार्थ कीटकांच्या कवचात सापडला आणि त्याला कायटिन हे नाव मिळाले. कोळंबी सोलताना हातात येते त्या सालीत आणि कुर्लीच्या कवचात हेच कायटिन असते. वारुळातल्या वाळवीचे अंगावरचे चिलखत आणि ती ज्या बुरशीची शेती करते तिच्या पेशींच्या भिंती यांचा एक मुख्य घटक समान आहे. साठवणीतही असेच दिसते. झाडे जास्तीची साखर स्टार्चच्या रूपात साठवतात, बटाट्यात आणि तांदळात आपण तेच खातो. बुरशी ती ग्लायकोजेनच्या रूपात साठवते, आणि आपल्या यकृतात व स्नायूंत साठते तेही ग्लायकोजेनच. हरितलवक बुरशीत नाही, सूर्यप्रकाशापासून अन्न करणे तिला जमत नाही. ती आपले पाचक रस बाहेर सोडते, भाकरी असो की लाकूड, ते बाहेरच पचवते आणि मग तयार झालेला रस आत ओढून घेते. आपण अन्न पोटात घालून पचवतो, बुरशी अन्नात शिरून ते पचवते.

या साम्यांची यादी वाढवत नेली की निष्कर्ष आपोआप सिद्ध झाला असे वाटू लागते, आणि नेमके इथेच थांबायला हवे. ग्लायकोजेन कित्येक जिवाणूही साठवतात, म्हणून जिवाणू आपले जवळचे नातलग ठरत नाहीत. कायटिन इतरही काही सजीवांत सापडते. हरितलवक नसणे हा तर पुरावाच नव्हे, कारण एखादी गोष्ट नसणे कोणाच्याही बाबतीत घडू शकते. अमरवेलीने परजीवी होऊन हिरवेपणा जवळजवळ सोडला तरी ती वनस्पतीच राहिली. आणखी एक पुरावा लोकप्रिय पुस्तकांत हटकून भेटतो. १९८७ साली पॉल नर्स यांच्या प्रयोगशाळेत यीस्टमधले पेशीविभाजनाचे एक बिघडलेले जनुक माणसाच्या तशाच जनुकाने भरून काढता आले, यीस्ट पुन्हा विभागू लागले. हे संशोधन मोलाचेच आहे आणि नर्स २००१ च्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरले. पण यीस्ट आणि माणूस जवळचे नातलग आहेत याचा पुरावा म्हणून ते चालत नाही, कारण वनस्पतीतून घेतलेले तसले जनुकही यीस्टमध्ये हेच काम करू शकते. केंद्रक असलेल्या सर्व पेशींकडे हा वारसा आहे. आजोबांचे आडनाव सगळ्याच नातवंडांना मिळालेले असते, त्यावरून कोणते दोघे सख्खे आणि कोणते चुलत हे ठरत नाही.

वर्गीकरणाचा खरा आधार वंश हाच असला पाहिजे, हे डार्विनने १८५९ मध्येच स्पष्ट मांडले होते. पण वंश शोधताना कोणते साम्य धरायचे, याची काटेकोर रीत विली हेनिग या जर्मन कीटकशास्त्रज्ञाने १९५० साली घालून दिली. त्याचे म्हणणे असे की, फार जुन्या काळापासून सगळ्यांकडे चालत आलेले साम्य उपयोगाचे नाही, आणि सारख्या गरजेमुळे स्वतंत्रपणे निर्माण झालेले साम्यही उपयोगाचे नाही. उपयोगाचे आहे ते एकदाच घडलेले, नवे आणि ठरावीक वंशजांकडेच पोहोचलेले वैशिष्ट्य. जुन्या पोथ्या अभ्यासणारे लोक हेच करतात. दोन हस्तलिखितांत बरोबर असलेल्या ओळी सारख्या आहेत यावरून काही कळत नाही, कारण बरोबर ओळी सगळ्यांकडेच असतात. दोघांत एकच विचित्र चूक एकाच जागी असेल, तर एकाने दुसऱ्याची किंवा दोघांनी तिसऱ्याची नक्कल केली हे उघड होते.

बुरशी आणि प्राणी यांच्यात अशी चूक आहे का? आहे. प्रत्येक पेशीत प्रथिने तयार होताना अमिनो आम्लाचा एकेक मणी रायबोसोमपर्यंत पोहोचवणारे एक प्रथिन असते. काम इतके मूलभूत की यात ढवळाढवळ झाली तर पेशी जगत नाही, म्हणून ते कोट्यवधी वर्षांत फार थोडे बदलले आहे. १९९३ साली सँड्रा बाल्डॉफ आणि जेफ्री पामर यांनी दाखवले की, या प्रथिनाच्या साखळीत एका विशिष्ट जागी सुमारे बारा अमिनो आम्लांचा एक जादा तुकडा घुसलेला आहे, आणि तो प्राण्यांत आहे, बुरशीत आहे, पण वनस्पतींत नाही. या तुकड्याचे कोळंबीच्या कवचासारखे दिसणारे कोणतेही काम नाही, ज्याच्या गरजेपोटी तो दोन ठिकाणी स्वतंत्रपणे घडला असे म्हणता येईल. त्याच वर्षी दुसऱ्या एका संशोधकगटाने रायबोसोममधल्या आरएनएची तुलना करून प्राणी आणि बुरशी यांना जवळ आणले. त्याआधी, १९८७ मध्ये, थॉमस कॅव्हेलियर-स्मिथ यांनी रेणूंकडे न जाता हीच जोडी पेशीच्या शेपटीवरून सुचवली होती. मानवी शुक्रपेशीला एकच शेपूट असते आणि ती मागून ढकलते. बुरशीतल्या बहुतेक कुळांनी पोहणे सोडून दिले आहे, पण पाण्यात राहणाऱ्या कायट्रिड या प्राचीन कुळाचे बीजाणू अजून पोहतात, आणि त्यांनाही मागून ढकलणारी एकच कशाभिका असते. शेवाळाच्या नरपेशीला दोन कशाभिका असतात आणि त्या पुढच्या टोकाला असतात. बेडकांचा जगभर संहार करणारी त्वचेची बुरशी याच कायट्रिड कुळातली, आणि तिचा बीजाणू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर तो इवल्याशा शुक्रपेशीसारखा दिसतो. शेपूट, आरएनए आणि प्रथिनातला जादा तुकडा हे तीन एकमेकांवर अवलंबून नसलेले साक्षीदार एकच जबानी देतात, म्हणून मी हा निष्कर्ष पक्का मानतो.

यावर जाणकारांचा एक आक्षेप येतो आणि तो हलक्याने घेण्यासारखा नाही : रेणूही फसवतात. खरेच फसवतात. रेशमाच्या किड्यांना पेब्रिन नावाचा रोग होतो. एकोणिसाव्या शतकात त्याने फ्रान्सचा रेशीमउद्योग खिळखिळा केला आणि १८६५ पासून काही वर्षे लुई पाश्चर त्याच्यामागे लागला होता. हा रोग करणारा सूक्ष्मजीव मायक्रोस्पोरिडिया या गटातला. त्याच्या पेशीत तंतुकणिका दिसत नव्हती आणि आरएनएच्या तुलनेत तो केंद्रकी सजीवांच्या वृक्षाच्या अगदी बुंध्याशी जाऊन बसत होता. तेव्हा हे सजीव तंतुकणिका मिळण्याच्याही आधीचे, अतिप्राचीन असावेत असे मानले गेले, आणि मानणाऱ्यांत कॅव्हेलियर-स्मिथच अग्रभागी होते. पुढे दुसऱ्या प्रथिनांची जनुके तपासली तेव्हा चित्र पालटले. परजीवी जगण्यामुळे या सजीवांचे आरएनए फार वेगाने बदलले होते, आणि वेगाने बदललेली फांदी गणितात ओढली जाऊन बुंध्याशी चिकटली होती. प्रत्यक्षात ते बुरशीच्या घरचे निघाले. त्यांच्या बीजाणूंच्या भिंतीत कायटिन होतेच, आणि २००२ मध्ये त्यांच्या पेशीत तंतुकणिकेचा आक्रसलेला अवशेषही सापडला. म्हणजे रेणूंची चूक रेणूंनीच दुरुस्त केली, पण ती एका रेणूने नव्हे, अनेकांनी, आणि जुन्या पद्धतीच्या सूक्ष्मदर्शनाने त्याला दुजोरा दिला. या उदाहरणावरून रेणवीय पुरावा टाकाऊ ठरत नाही. एकाच साक्षीदाराच्या शब्दावर निकाल देऊ नये, इतकेच ते दाखवते, आणि प्राणी-बुरशी नात्याचा निकाल तसा दिलेला नाही.

दुसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा असतो. शंभर कोटी वर्षांपूर्वीच्या किंवा त्याहून जुन्या पूर्वजाची चौकशी करून मिळते काय? काम करण्यासाठी दिसण्यावरून आणि सवयींवरून केलेले गट पुरेत की. याचे उत्तर नाशिकच्या कोणत्याही द्राक्षबागेत मिळते. द्राक्षाला भुरी होते आणि केवडा होतो. दोन्ही पानांवर आणि घडांवर पांढुरक्या बुरशीसारखे दिसतात, दोन्ही तंतूंनी वाढतात, दोन्ही बीजाणूंनी पसरतात, आणि बोलताना दोघांनाही बुरशीजन्य रोग म्हणतात. पण भुरी खरी बुरशी आहे आणि केवडा नाही. केवड्याचा सजीव ऊमायसीट या गटातला : त्याच्या भिंतीत सेल्युलोज आहे, त्याच्या पोहणाऱ्या बीजाणूंना दोन कशाभिका आहेत, आणि त्याचे नातलग समुद्रातली तपकिरी शैवाले आणि डायटम आहेत. बुरशीसारखा देह आणि पोट भरण्याची बुरशीसारखी रीत त्याने स्वतंत्रपणे कमावली. १८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक नासवून सुमारे दहा लाख माणसांच्या मृत्यूला कारणीभूत ठरलेला करपा आणि कोकणातल्या सुपारीचा कोळे रोग, हे याच गटाचे काम. आता फवारणीचे पाहा. हेक्झाकोनॅझोलसारखी औषधे बुरशीच्या पेशीपटलातला अर्गोस्टेरॉल हा स्निग्ध पदार्थ तयार होऊ देत नाहीत. भुरी त्यांनी आटोक्यात येते. केवड्याचा सजीव अर्गोस्टेरॉल बनवतच नाही, मग अडवणार काय? उलट केवड्यावर चालणारे मेटॅलॅक्झिल भुरीला काही करत नाही. जो बागायतदार या दोघांसाठी वेगळी औषधे आणतो, तो वंशावळीवर आधारलेलेच वर्गीकरण वापरत असतो. मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण, जे १८८५ साली फ्रान्समध्ये केवड्यासाठीच पुढे आले, ते तांब्याच्या सरसकट विषारीपणामुळे अनेकांवर चालते, तो अपवाद समजण्यासारखा आहे.

बागेत जे नाते शत्रू ओळखायला मदत करते, तेच दवाखान्यात अडचण होऊन बसते. जिवाणूंविरुद्धची औषधे विपुल आहेत, बुरशीविरुद्धच्या औषधांचे प्रकार हाताच्या बोटांवर मोजता येतात. कारण जिवाणूची पेशी आपल्याहून पुष्कळच वेगळी : तिच्या भिंतीवर पेनिसिलीन वार करते तेव्हा आपल्याला तशी भिंतच नसल्याने आपण सुरक्षित असतो. बुरशीची पेशी मात्र आपल्या पेशीच्या वळणाची. तेच केंद्रक, त्याच तंतुकणिका, तसलेच रायबोसोम. अगदी अर्गोस्टेरॉल आणि आपले कोलेस्टेरॉल हीदेखील लॅनोस्टेरॉल या एकाच कच्च्या मालापासून निघालेली, तर झाडे आपली स्टेरॉल मुख्यतः वेगळ्या वाटेने बनवतात. २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेमागून म्युकरमायकोसिस आला. देशात ४५,०००हून अधिक रुग्णांची नोंद झाली आणि महाराष्ट्र सर्वाधिक ग्रासलेल्या राज्यांपैकी होता. तेव्हा घराघरांत ॲम्फोटेरिसिन हे नाव माहीत झाले. हे औषध अर्गोस्टेरॉलला चिकटून बुरशीच्या पटलाला भोके पाडते, पण थोड्या प्रमाणात आपल्या कोलेस्टेरॉललाही चिकटते, म्हणून मूत्रपिंडावर सतत लक्ष ठेवावे लागते. त्या दिवसांत रुग्णांनी आणि नातेवाइकांनी जे सोसले, त्यातला एक भाग या जुन्या भाऊबंदकीचा होता. (काळी बुरशी हे नाव त्या वेळी रूढ झाले, पण बुरशी स्वतः काळी नसते. रक्तपुरवठा तुटून मेलेली ऊती काळी पडते.) याच जातीचे एक औषध आपल्याकडे शोधले गेले होते, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. १९५४ साली पिंपरीला सुरू झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये, पिंपरीच्याच मातीत सापडलेल्या एका जिवाणूपासून हमायसिन हे बुरशीनाशक मिळाले, आणि त्या जिवाणूच्या शास्त्रीय नावात पिंपरी कायमची जाऊन बसली.

वंश कळला की सगळेच कळते, असा दावा मात्र मी करणार नाही. एड्सच्या रुग्णांना जीवघेणा न्युमोनिया करणारा न्यूमोसिस्टिस हा सजीव कित्येक दशके आदिजीव समजला जात होता. १९८८ मध्ये आरएनएने त्याला बुरशीच्या घरात आणून बसवले. तेव्हा बुरशीची औषधे त्याच्यावर चालायला हवी होती. पण ॲम्फोटेरिसिन चालत नाही, कारण या बुरशीने अर्गोस्टेरॉल बनवणे सोडले आहे आणि ती यजमानाच्या कोलेस्टेरॉलवर भागवते. नाते अपेक्षा बांधून देते, हमी देत नाही. पण अपेक्षा होती म्हणूनच ती कुठे आणि का मोडली हे शोधता आले.

बुरशी प्राण्यांच्या जवळची, मग अळंबी उपवासाला, शाकाहाराला चालते का, असा प्रश्न या विषयावर हमखास येतो आणि तो मनापासून विचारलेला असतो. शाकाहाराचा भेद वेदना, हिंसा, परंपरा यांच्याशी जोडलेला आहे. बुरशीला मज्जातंतू नाहीत, आणि तिचा व आपला समान पूर्वज पाण्यातली एकटी पेशी होती. वंशावळ इतकेच सांगू शकते. ताटात काय घ्यायचे हा निर्णय दुसऱ्या विचारांनी घ्यायचा असतो, आणि स्वयंपाकघरातले, बाजारातले गट आपापल्या कामासाठी योग्यच आहेत.

एक आक्षेप मात्र अजून उभा आहे आणि तो गोडा मसाल्याच्या डब्यातच सापडतो. त्यातले दगडफूल ना झाड आहे ना शेवाळ. ते बुरशी आणि शैवाल या दोघांनी मिळून बांधलेले एकच अंग आहे. सिमोन श्वेंडेनर यांनी १८६०च्या दशकात हे सांगितले तेव्हा त्या काळच्या दगडफूलतज्ज्ञांनी त्यांना वेड्यात काढले. एका देहाला एकच वंश असतो, हे या सबंध लेखात मी गृहीत धरले आहे. दगडफूल ते गृहीतक मोडते, आणि नीट पाहिले तर आपल्या प्रत्येक पेशीतली तंतुकणिकाही मोडते. पुढच्या भागात तिथून सुरुवात करू.